खंडेनवमीला धुतलेल्या बाटल्या

माझ्या धाकट्या जावेला कोणी विचारलं, की तुमच्या जाऊबाई काय करायच्या, तर ती सांगते, "नावं ठेवायच्या आणि त्याचा पगार घ्यायच्या." बोलणं टोचरं असलं तरी खोटं नाही. जन्मभर मी बोईसरच्या एका शाळेत रसायनशास्त्र शिकवलं, आणि रसायनशास्त्रातलं निम्मं काम म्हणजे कुणाला काय म्हणायचं ते ठरवणं. उरलेलं निम्मं म्हणजे भांडी घासणं. ते घरी होतंच.

नावाचं शास्त्र तसं सोपं आहे. वाण्याच्या दुकानात मोरचूद म्हटलं की निळा खडा मिळतो, पण त्या नावावरून आत कोण राहतं ते कळत नाही. कॉपर सल्फेट म्हटलं की घरातली माणसं दारावरच्या पाटीसारखी वाचता येतात. तांबं आहे, गंधक आहे, आणि शेवटी 'एट' आहे म्हणजे ऑक्सिजन पाहुणा येऊन राहिलाय. सल्फाइड म्हटलं तर पाहुणा नाही. सल्फाइट म्हटलं तर पाहुणे आहेत, पण सल्फेटपेक्षा कमी. मुलांना मी सांगायचे, आधी शेपूट बघा, मग तोंड. एवढं कळलं की पहिल्या दहा मार्कांची चिंता मिटते.

आमच्या बाजारातले पोपटशेठ मात्र या भानगडीत पडत नसत. गोणीवरची चिठ्ठी हरवली की ते बोट बुडवून सरळ जिभेला लावायचे. एकदा शाळेत पुडी घेऊन आले आणि म्हणाले, "बाई, हा धुण्याचा सोडा की तुरटी, जरा सांगा." मी परीक्षानळी काढेपर्यंत ते म्हणाले, "राहू द्या, तोंड आवळलं, तुरटीच." मी त्यांना हात जोडून सांगितलं, की शेठ, जगात अशा पांढऱ्या पुड्या आहेत, की त्या तुम्ही एकदाच चाखाल. ते हसले. पण त्या दिवसापासून मी प्रयोगशाळेच्या दारावर खडूने लिहून ठेवलं, की येथे काहीही चाखू नये. आमचे शिपाई नवसूभाऊ यांना वाचता येत नव्हतं, म्हणून त्यांना तोंडी सांगितलं.

आता या नवसूभाऊंचीच गोष्ट सांगायची आहे. माझीही आहे, पण माझी बाजू तितकीशी सांगण्यासारखी नाही.

साल नक्की सांगत नाही. एवढंच सांगते, की तारापूरकडे मोठ्या प्रकल्पाचं बांधकाम चालू होतं, रस्त्याने दिवसभर ट्रक जायचे, आणि बोईसरच्या चहाच्या टपरीवर हिंदी ऐकू यायला लागली होती. माझं लग्न व्हायचं होतं. पालघरहून सकाळच्या गाडीने यायचे, संध्याकाळच्या गाडीने परत. नोकरी हंगामी. कायम होणार की नाही, ते त्या वर्षाअखेर ठरायचं होतं.

नवसूभाऊही हंगामीच. डोंगराकडच्या पाड्यावरचे, तिशी उलटलेले. पावसावरची थोडी भातशेती. घरचा तांदूळ माघापर्यंत पुरायचा, मग बायको-मुलीला घेऊन मिठागरावर कामाला. शाळेत लागल्यावर ते सरावलीला खोपटं करून राहिले. त्या वर्षी पहिल्यांदाच त्यांचं घर बारा महिने एका जागी टिकणार होतं, आणि मुलगी पहिलीची शाळा मध्येच न सोडता पुरी करणार होती. हे त्यांनी मला चार वेळा सांगितलं होतं. पाचव्यांदाही त्याच आनंदाने सांगितलं.

आमची प्रयोगशाळा म्हणजे एक खोली, एक लांब टेबल आणि एक कपाट. कपाटात एक्केचाळीस बाटल्या. त्यांची लेबलं जूनमध्ये मी हाताने लिहून, गव्हाच्या पिठाची खळ करून चिकटवली होती. अशा लेबलावर वितळलेल्या मेणाचा हात फिरवायचा असतो, म्हणजे पाणी आत शिरत नाही. हे मला माहीत होतं. करू करू म्हणत राहून गेलं.

नवरात्र आलं. खंडेनवमीला आपल्याकडे सुतार करवत पुजतो, शेतकरी नांगर पुजतो. शाळेनेही आपली हत्यारं पुजायची पद्धत होती. आदल्या दिवशी मी सहामाहीचे पेपर तपासत बसले होते. नवसूभाऊ दारात आले.

"बाय, उद्या पूजा हाय. काय काय धुवायचा?"

"सगळं. लख्ख झालं पाहिजे."

"बाटल्या पण?"

"हो, हो, सगळं."

माझी मान वर झाली नाही. त्या पेपरात एका मुलाने पाण्याचं नाव 'हायड्रोजन ऑक्साइड, म्हणजे पाणी, म्हणजे जल, म्हणजे जीवन' असं लिहिलं होतं आणि त्याला किती मार्क द्यावेत या विचारात मी होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन बघते तर टेबलावर पांढरं कापड, कापडावर चार ओळींत एक्केचाळीस बाटल्या, प्रत्येकीला हळदकुंकू, प्रत्येकीवर झेंडूचं फूल. काच अशी चमकत होती, की माझा चेहरा त्यात दिसला. लेबल एकाही बाटलीवर नव्हतं. नवसूभाऊंनी घंगाळात गरम पाणी घेऊन, बुचं घट्ट लावून, रात्रभर बाटल्या भिजत ठेवल्या होत्या. आतला कणही सांडला नव्हता. काम चोख होतं हो, त्यात बोट ठेवायला जागा नव्हती.

आमचे हेडसर नारळ घेऊन आले. त्यांनी बाटल्या पाहिल्या, मग मला पाहिलं. नारळ फोडायचा राहिला.

"कोणी सांगितलं हे?"

नवसूभाऊ माझ्याकडे बघत होते. मी माझ्या चपलांकडे. हंगामी नोकरी, वर्षाअखेरचा शेरा, पालघरला वडिलांचा चेहरा, सगळं एका क्षणात डोक्यातून गेलं, आणि मी मूग गिळून गप्प बसले.

"मीच केला, सर," नवसूभाऊ म्हणाले. "कोणी बोलला नाय."

हेडसर म्हणाले, "बाई, आजपासून नवव्या दिवशी तपासणी आहे. प्रयोगशाळा नापास झाली तर आपल्या अकरावीच्या मुलांचं मॅट्रिकचं प्रात्यक्षिक पालघरला जाईल. काय ते निस्तरा. आणि नवसू, महिनाअखेरीनंतर तू येऊ नकोस."

ते गेल्यावर मी म्हटलं, "नवसूभाऊ, मी बोलते सरांशी." ते म्हणाले, "बोला." मी त्या दिवशी बोलले नाही. दसरा झाल्यावरही नाही. रोज सकाळी गाडीत ठरवायचे आणि बोईसरला उतरताना विसरल्यासारखं करायचे.

बोलण्यापेक्षा काम सोपं होतं, म्हणून कामाला लागले. साठ्याच्या वहीत एक्केचाळीस नावं, टेबलावर एक्केचाळीस बाटल्या. जोड्या जुळवायच्या. दोन-तीन लग्नं मी जमवली आहेत, पण एवढी स्थळं एकदम कधी पाहिली नव्हती.

रंगीत मंडळी आणि पातळ आम्लं तासाभरात आटपली. निळा मोरचूद, हिरवट हिराकस म्हणजे फेरस सल्फेट, जांभळं परमँगनेट, पिवळं गंधक. उरल्या सव्वीस बाटल्या, सगळ्या पांढऱ्या. रसायनं ही आमच्या गावच्या पुढाऱ्यांसारखी, बाहेरून बघाल तर सगळी शुभ्र.

मग मी आधी बंध ओळखायचा ठरवला. टॉर्चचे चार सेल, एक बल्ब, आणि जुने सेल फोडून काढलेल्या दोन कार्बनच्या कांड्या. पूड पाण्यात विरघळवायची, कांड्या बुडवायच्या. बल्ब लागला तर एक जात, नाही लागला तर दुसरी. पहिल्याच दिवशी माझ्या हातून बल्ब गेला. नवसूभाऊंनी सालवडला राहणाऱ्या प्रकल्पावरच्या एका मेकॅनिककडून दुसरा आणला. "वापस लाना, भैया," असं त्याने बजावलं होतं, म्हणून ते दर संध्याकाळी बल्ब त्याला नेऊन दाखवायचे आणि सकाळी परत आणायचे.

पहिली बाटली मिठाची निघाली, बल्ब मिणमिणला. नवसूभाऊंनी विचारलं, "ह्यो कसा लागला?"

मी सांगितलं, की सोडियमजवळ अगदी बाहेरच्या अंगाला एक इलेक्ट्रॉन असतो. तो क्लोरीनला देऊन टाकतो. देणारा अधिक होतो, घेणारा उणा होतो, आणि दोघं एकमेकांना घट्ट धरून बसतात. नुसत्या दिव्यावर तापवून वितळत नाहीत इतके घट्ट. पाण्यात मात्र सुटे होतात आणि वीज नेतात. तेव्हाच्या पुस्तकात याला विद्युत्संयुज बंध म्हणत, आता आयनिक म्हणतात.

"दिलेला परत मागत नाय?"

"नाही."

दुसऱ्या बाटलीला बल्ब लागला नाही. चमच्यात तापवली तर वितळली, तपकिरी झाली, काळी पडली आणि खोलीभर जळक्या साखरेचा वास सुटला. मी म्हटलं, इथे कोणी कोणाला काही देत नाही. दोघं एक-एक इलेक्ट्रॉन पुढे करतात आणि ती जोडी दोघांची असते. याला सहसंयुज म्हणायचं.

नवसूभाऊ म्हणाले, "म्हंजे सावड. आमी तसाच करतो. माझा एक बैल, भावाचा एक बैल. जोडी दोगांची. आज माझा नांगर, उद्या त्याचा."

मी बी.एस्सी.ला दोन वर्षं सहसंयुज बंध शिकले होते, कॉलेजात हुशार म्हणून नाव होतं, आणि इतकं स्वच्छ मला कोणी सांगितलं नव्हतं. पुढे सगळ्या वर्गांना मी हाच बैलजोडीचा दाखला दिला. मुलं म्हणायची, बाई किती छान समजावतात. मीही मान डोलवायचे.

तर दोन फळ्या झाल्या. इकडे 'दिली ती दिली'वाले, तिकडे सावडवाले. साखर, ग्लुकोज, युरिया, मेण, डांबरगोळीतलं नॅप्थलीन, हे सावडीत. संगमरवराची पूड पाण्यात विरघळेना, त्यामुळे बल्ब लागेना, पण तापवली तरी ढिम्म हलेना, म्हणून तिला ओढून पहिल्या फळीत बसवलं. एका नावाने मात्र माझी फजिती केली. आधीच ओळखलेल्या हायड्रोक्लोरिक आम्लात सहज कांड्या बुडवल्या, तर बल्ब झकास लागला. मी ते आयनिकात ठेवलं आणि घरी जाताना गाडीत आठवलं, की याचा मूळ वायू तर सहसंयुज. घरात असताना सावडीने राहतात आणि पाण्यात पडली की वेगळी चूल मांडतात, अशीही घरं असतात. ते सकाळी नवसूभाऊंना सांगितल्यावर ते म्हणाले, "हायत, आमच्या पाड्यावर दोन हायत."

आठव्या दिवशी दोनच बाटल्या आणि दोनच नावं उरली. कॅल्शियम क्लोराइड आणि मॅग्नेशियम क्लोराइड. दोघी पांढऱ्या, दोघी हवेतलं पाणी ओढून वरवर ओल्या झालेल्या, दोघींना बल्ब लागला. ज्योतीत धरलं तर कॅल्शियम विटकरी लाल रंग दाखवतं, मॅग्नेशियम काही दाखवत नाही. पण आमच्या किनाऱ्याच्या हवेत मीठ इतकं, की स्पिरिटच्या दिव्यात काहीही धरलं तरी ज्योत पिवळी. मी डोळे ताणताणून एकीत लाल पाहिलं. थकले होते, तपासणी उद्यावर होती, लाल दिसणं सोयीचं होतं. लेबलं लिहिली, चिकटवली.

नवसूभाऊ ओल्या फडक्याने टेबल पुसत होते. म्हणाले, "बाय, ह्या दोन उलट्या झाल्या."

"कशावरून?"

"ही हाय ना, ती मिठागरातल्या शेवटच्या पाण्याची. मीठ ओढून घेतल्यावर जो कडू पाणी उरतो त्याची. सुकवला तरी घाम फुटतो त्याला."

समुद्राच्या पाण्यातलं मीठ काढून घेतल्यावर मागे मॅग्नेशियम क्लोराइड उरतं, हे माझ्या पुस्तकात होतं. त्यांनी बोट दाखवलं त्या बाटलीवर मी नुकतंच कॅल्शियम लिहिलं होतं.

"चाखलंत?"

"नाय. तुमी बोललात चाखू नका. बोटाला भेग हाय, ती बोलली. मिठागरात पायाच्या भेगांना अशीच लागायची."

आणि मी काय बोलले, ते आजही जसंच्या तसं आठवतं. "नवसूभाऊ, तुम्ही बाटल्या धुण्यापुरतं बघा."

फडकं टेबलावर ठेवून ते खिडकी लावायला गेले. मला लाज वाटली, पण ती रागासारखी वाटली. राग कुठे तरी काढायचा म्हणून मी टेबलावरचं फडकं उचललं, फेकायला. फडकं गरम होतं. ज्या बाटलीवर मी मॅग्नेशियम लिहिलं होतं तिचे सांडलेले खडे त्यात पुसले गेले होते. तळातले कोरडे खडे, ओलं फडकं. कोरडं कॅल्शियम क्लोराइड पाण्यात पडलं की तापतं, हे मी दरवर्षी वर्गात सांगत होते.

मी दोन्ही बाटल्यांतलं थोडं थोडं विरघळवून त्यात गंधकाम्लाचे थेंब टाकले. ज्या बाटलीचे खडे फडक्यात होते तिच्या नळीत पांढरा गाळ आला, म्हणजे कॅल्शियम तिथे. दुसरी स्वच्छ राहिली. मी दोन्ही लेबलं ओली करून काढली आणि अदलाबदल केली. नवसूभाऊ बघत होते. "चुकलं माझं," मी म्हटलं. ते म्हणाले, "गाडी जाईल तुमची."

दुसऱ्या दिवशी तपासनीस आले. बुटके, मितभाषी, तोंडात लवंग. कपाट उघडून बराच वेळ बघत राहिले.

"एक्केचाळीस लेबलं, एकच शाई, एकच ताजेपणा. कधी लावली?"

हेडसर घाईने म्हणाले, "शिपायाने पूजेला बाटल्या धुवून टाकल्या हो. अडाणी माणूस. त्याला आम्ही कमी करतोय."

तपासनिसांनी त्या दोन ओल्या बाटल्याच बाहेर काढल्या. माणसाचं नशीब कुठे हात घालील, सांगता येत नाही. "ही कॅल्शियम आणि ही मॅग्नेशियम, हे कशावरून?"

नवसूभाऊ दाराशी पाण्याचा तांब्या घेऊन उभे होते. मी म्हटलं, "काल संध्याकाळी मी ही लेबलं उलटी लावली होती. यांनी चूक दाखवली. हे मिठागरावर काम केलेले आहेत." आणि तोंड उघडलंच होतं म्हणून पुढचंही बाहेर पडलं. "बाटल्या धुवायला मीच सांगितलं होतं. त्यांनी विचारलं होतं, बाटल्या पण का, आणि मी हो म्हटलं होतं. लेबलांवर मेण लावायचं कामही माझं होतं. ते मी केलं नाही. नऊ दिवस मी हे सांगितलं नाही."

खोलीत ट्रकचा आवाज येत राहिला. हेडसरांचा चेहरा मोरचुदासारखा झाला. तपासनिसांनी लवंग एका गालातून दुसऱ्या गालात नेली.

"सगळ्या बाटल्या दोघांनी ओळखल्या?"

"हो."

"मुलं कुठे होती?"

"वर्गात."

"मुलांना बाहेर ठेवून तुम्हीच शिकलात म्हणायचं. पुढच्या वर्षी मुद्दाम धुवा आणि मुलांना बसवा ओळखायला." त्यांनी कागदावर सही केली. प्रात्यक्षिक आमच्याकडेच राहिलं.

नवसूभाऊंना कमी करण्याचं हेडसरांनी पुन्हा काढलं नाही. मला कायम व्हायला मात्र एक वर्ष जास्त लागलं. वडील चिडले, आई म्हणाली, बोलायची गरज काय होती. मला त्याचं दुःख झालं नाही. दुःख झालं ते त्या नऊ दिवसांचं. नऊ दिवस एक माणूस रोज संध्याकाळी घरी जाऊन बायकोला काय सांगत असेल, हे मी विचारलं नाही. नंतरही कधी विचारलं नाही. ते त्या प्रकाराबद्दल एक शब्द बोलले नाहीत, आणि मला वाटलं, माणूस विसरला.

पुढच्या वर्षी पुन्हा नवरात्र आलं. पुन्हा मी पेपर तपासत होते. नवसूभाऊ दारात आले.

"बाय, उद्या पूजा हाय. काय काय धुवायचा?"

या वेळी मी पेन खाली ठेवलं, मान वर केली. "बाटल्या सोडून सगळं."

ते हलले नाहीत. खिशातून वहीचं एक कोरं पान काढून त्यांनी माझ्यासमोर ठेवलं.

"लिवून द्या. खाली सही करा."

"नवसूभाऊ, तुम्हाला वाचता कुठे येतं?"

"मला नाय येत," ते म्हणाले. "हेडसरांना येतो."

मी लिहिलं. 'बाटल्या सोडून सर्व धुवावे.' खाली सही केली, तारीख घातली. त्यांनी कागद दोन्ही बाजूंनी बघितला, खळीत चिमूटभर मोरचूद घातला, म्हणजे झुरळं खाणार नाहीत, आणि कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. मग मेणबत्ती वितळवून त्यावर मेणाचा हात फिरवला. मी बाजूला उभी राहून बघत होते. ते निवृत्त झाले, मग मी झाले. माझ्या निरोपाच्या दिवशी कपाट उघडलं, तेव्हा माझी सही स्वच्छ वाचता येत होती.